आधी वाक्य, मग पान

प्रिय इरा आणि कबीर,

गेल्या रविवारी तुमच्या आईने इराचा गृहपाठ मला फोनवर वाचून दाखवला. आपल्या शहराचं वर्णन करायचं होतं आणि काम कसं घडतं ते सांगणारी दहा इंग्रजी क्रियाविशेषणं त्यात वापरायची होती. इराने लिहिलं होतं की गाड्या डौलाने सरकतात, दिवे आनंदाने लुकलुकतात आणि माणसं एकमेकांकडे बघून प्रेमाने हसतात. दहापैकी दहा गुण, वर चांदणी. वाचून झाल्यावर तुमची आई थांबली. आजी आता कौतुक करणार, असं तिला वाटलं असावं. मी "छान" म्हटलं आणि फोन ठेवला. मग माझाच मला राग आला, कारण ते छान नव्हतं. इरा, त्यातलं एकही वाक्य तू पाहिलेलं नव्हतंस. दिवा आनंदाने लुकलुकत नाही, बाळा. लुकलुकत असेल तर त्याची वायर सैल झालेली असते.

म्हणून हे पत्र लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायचा कंटाळा, तेव्हा आईकडून वाचून घ्या. मला घरत सरांबद्दल सांगायचं आहे. ते आधीच सांगायला हवं होतं, पण त्यात माझाही एक भाग आहे आणि तो काही बरा नाही.

घरत सर आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. शाळा रेवदंड्याजवळ, आणि मी तिथली मुख्याध्यापिका. सर पेणकडच्या एका खाडीकाठच्या गावातले, घर भातशेतीचं. बुटकी, रुंद मूर्ती, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. इतर शिक्षकांच्या खिशाला पेन असे, यांच्या खिशातून लिंबाची हिरवी पानं डोकावत. शहराचं नाव निघालं की एक पान काढून चुरगळायचे आणि हुंगायचे, मग पुढे बोलायचे.

शिक्षक होण्याआधी त्यांनी मुंबईत नऊ वर्षं काढली होती. तिथे महापालिकेच्या एका कचेरीत लोक घाणीच्या तक्रारी घेऊन येत आणि सर त्या इंग्रजीतून एका जाड वहीत उतरवत. त्यांचा साहेब मोठा खमका होता. "कचरा पडला आहे" असं लिहिलं की वही परत भिरकावायचा. कसा पडला आहे? उघड्यावर पडला, कोणी लपवून टाकला, की रोज ठरल्या वेळी आणून टाकतात? त्यावरून कोणाला धाडायचं ते ठरत असे. मेलेलं मांजर, तुंबलेलं गटार, जिन्यावरच्या पिचकाऱ्या, सगळ्यांच्या मागे सरांनी नऊ वर्षं हा 'कसं' लावला.

"बाई, तुम्ही इंग्रजी कॉलेजात शिकलात. मी उकिरड्यावर शिकलो," हे ते मला सगळ्या शिक्षकांसमोर, अगदी अभिमानाने ऐकवायचे. मला शिसारी यायची. मी कविता वाचून इंग्रजी शिकलेली बाई. माझ्या खोलीत टेबलावर फुलदाणी असे, आणि हा माणूस समोरच्या खुर्चीत बसून मेलेल्या घुशीसाठी योग्य शब्द कोणता यावर चहा थंड करायचा.

नववीच्या पुस्तकात तेव्हा शहरावर एक धडा होता. त्यात स्वच्छ रस्त्यांवरून माणसं चपळाईने चालत होती आणि पोलीस हसतमुखाने रस्ता दाखवत होता. सरांनी वर्गाला विचारलं, "ह्यातलं कोणी काय काय बघितलंय?" एकही हात वर गेला नाही. निम्मी मुलं मुंबईला गेली होती ती आजोबांना दवाखान्यात बघायला, उरलेली गेलीच नव्हती. सरांनी पुस्तक मिटलं. "मग हा धडा आपल्याला येत न्हाय. जे बघितलं न्हाय, ते लिहायचं न्हाय."

त्या वर्षापासून नववीची एक वेगळी सहल सुरू झाली. मांडव्याहून लाँचने पलीकडे मुंबईला जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. प्राणिसंग्रहालय नाही, मत्स्यालय नाही, चौपाटीवरची भेळसुद्धा नाही. मुलांनी तीन ठिकाणी उभं राहायचं: उड्डाणपुलाखाली, बस थांब्यावर आणि मासळीबाजाराच्या मागच्या दाराशी. प्रत्येकाने एक वाक्य आणायचं. त्यात एक काम हवं, आणि ते कसं केलं ते सांगणारा एक शब्द हवा. पालक माझ्याकडे तक्रार घेऊन यायचे. "आवो बाई, पोरांना म्हातारीचा बूट दाखवा, राणीचा बाग दाखवा. ह्यो मास्तर पोरांना पुलाखाली काय दाखवतंय?" मी सरांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "बूट कसा हाय ते एका शब्दात संपतं. पुलाखाली शब्द पुरत न्हाईत."

मुलींसोबत कोणी बाई हवी, म्हणून एका वर्षी मलाही जावं लागलं. त्या दिवसाचा वास अजून माझ्या नाकात आहे. मासळीबाजारामागे काळं पाणी वाहत होतं आणि त्यात खवलं चमकत होती. एक माणूस वडा खाऊन संपल्यावर शेजारच्या भिंतीला हात पुसत होता, आधी तळवा, मग हाताची पाठ, मग एकेक बोट. भिंतीवर आधीच्या माणसांच्या बोटांचा तेलकट पट्टाच तयार झाला होता. मी नाकातोंडावर रुमाल धरला. मुलं कुरकुरायला लागली, "सर, पान द्या ना, पान!" सरांनी छातीवरचा खिसा हाताने झाकला. "आधी वाक्य, मग पान. नाक मिटलंत तर वाक्य कुठनं येणार?"

मग एकेकाने वही दाखवायची आणि बदल्यात लिंबाचं पान घ्यायचं. ती वाक्यं मला पाठ आहेत. 'द मॅन स्पिट्स जनरसली', म्हणजे माणूस उदारपणे थुंकतो. 'द रॅट क्रॉसेस द रोड कॉन्फिडंटली', उंदीर आत्मविश्वासाने रस्ता ओलांडतो. 'द बस स्टॉप्स अनविलिंगली', बस नाखुशीने थांबते. वडा खाणाऱ्यासाठी एका मुलाने 'आर्टिस्टिकली', म्हणजे कलाकारीने, असं लिहिलं, तेव्हा सरांनी त्याला दोन पानं दिली. एवढ्या घाणीत उभी राहून ती मुलं पोट धरून हसत होती. त्यांच्या हसण्याचीही मला तेव्हा किळस आली होती, हे लिहून ठेवते.

मीही एक वाक्य लिहिलं होतं, मुलांना नमुना म्हणून. समुद्रावरून वारा मंदपणे वाहतो. सरांनी ते वाचून वही अदबीने परत दिली.

"बाई, तुम्ही तर रुमालात होता. वारा तुम्हाला कुठे भेटला?"

मला पान मिळालं नाही.

परतीच्या लाँचची वाट बघत आम्ही मुंबईच्या धक्क्यावर कठड्याशी उभे होतो. खाली पाण्यावर थर्माकोल, बाटल्या, हार, तेलाचा तवंग, सगळं एकत्र हलत होतं. ते बघवेना म्हणून मी पाण्याकडे पाठ करून उभी राहिले. मुलांपैकी एकीचं वाक्य अजून व्हायचं होतं. रंजना तिचं नाव. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली, वडिलांची होडी, घरातून नववीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. ती कठड्याला टेकून पंधरा मिनिटं बघत राहिली, मग लिहिलं आणि वही सरांच्या हातात दिली. सरांनी वाचून बाजूला लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली. ते हसले नाहीत. खिशातलं शेवटचं पान तिला देऊन विचारलं, "खरंच असंच केलं त्यानं?"

"व्हय सर. चपला काढल्या, मंग कपालाला लावली, मंग टाकली." मग पाण्याकडे बघत ती म्हणाली, "असल्या पिशव्या आमचे जाल्यान येतान, सर. त्यांनापन कोनी पाया पडलेला असंल काय?"

मी हे ऐकलं, पण वळून पाहिलं नाही.

दरवर्षी या वाक्यांचं एक हस्तलिखित व्हायचं. प्रत्येकाने आपलं वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहायचं, बाजूला सरांची लाल खूण. बक्षीस समारंभात त्यातली काही मोठ्याने वाचायची प्रथा होती. त्या वर्षी समारंभाला संस्थेचे अध्यक्ष आले होते. सगळे त्यांना दादासाहेब म्हणायचे. इथल्या जमिनी मुंबईच्या लोकांना मिळवून द्यायचा त्यांचा धंदा, आणि मुंबईत फ्लॅट. शाळेला नवी इमारत देतो म्हणून सहा वर्षं सांगत होते.

थुंकण्याचं वाक्य झालं, बसचं झालं. दादासाहेब खुर्चीत रेलून हसत होते. "मुंबई म्हणजे घाणच हो," असं त्यांनी माझ्याकडे झुकून म्हटलंसुद्धा. मग रंजना उभी राहिली आणि तिने खणखणीत आवाजात वाचलं, 'अ जेंटलमन इन गोल्डन ग्लासेस थ्रू अ प्लास्टिक बॅग इनटू द सी रिस्पेक्टफुली.' खाली बसलेल्या आयांना कळावं म्हणून लगेच मराठीतही सांगितलं: "सोनेरी चष्म्याच्या एका गृहस्थाने प्लास्टिकची पिशवी समुद्रात आदराने टाकली."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत माझ्या शेजारी दादासाहेबांनी आपला सोनेरी काड्यांचा चष्मा काढला आणि खिशात ठेवला.

तेवढ्यावर निभावलं असतं. रंजनाने त्यांना ओळखलं नव्हतं. तिने त्यांना शाळेत कधी पाहिलेलंच नव्हतं, आणि आज ते स्टेजवर मागच्या रांगेत होते. सभागृहातही कोणाला काही कळलं नव्हतं. पण दादासाहेबांना राहवेना. ते ताडकन उठले. "त्यात निर्माल्य होतं! देवाची फुलं होती, कचरा नव्हता!"

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. मग मागून एक बाई मोठ्याने म्हणाली, "अगो बाय, ह्योच हाय काय तो?" आणि हशा उसळला.

दुसऱ्या दिवशी दादासाहेब माझ्या खोलीत आले. फुलदाणीशेजारी हात आपटून म्हणाले, "बाई, तुमची शाळा देवाधर्मावर थुंकायला शिकवते?" थुंकण्याचं वाक्य दुसऱ्या मुलाचं होतं, हे माझ्या ओठावर आलं होतं. मी ते बोलले नाही. त्यांचं म्हणणं असं, की मुलीने सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी वाचायची आणि हस्तलिखितातलं वाक्य नाहीसं करायचं. नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला हातात देऊन तिला घरी पाठवायचं.

मी सरांना बोलावलं. सहलीला आम्ही दोघं होतो, तेव्हा मी काय पाहिलं असं ते विचारतील, ही मला धास्ती होती. मी पाठ करून उभी होते, एवढंच मला सांगता आलं असतं. तसं काही विचारायच्या आत मी माफीचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. ते मीच इंग्रजीतून लिहिलं होतं. रंजनाने फक्त वाचायचं होतं.

सरांनी ते दोनदा वाचलं. "हे कसं लिहिलंत, बाई?"

"नीट लिहिलंय. एकही चूक सापडणार नाही तुम्हाला."

"न्हाय ना. नीटच हाय." त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "पोरीला चुकताना बघितलंत काय तुम्ही?"

मी म्हटलं, "सर, तिचं वर्ष जाईल. तिच्या घरातली पहिली मुलगी आहे ती. चार ओळी वाचून सुटेल." हे खरं होतं, म्हणूनच मला ते इतकं सहज बोलता आलं. दादासाहेबांना दुखवलं तर इमारत जाईल, हेही माझ्या डोक्यात होतं. ते मी बोलले नाही. सरांनी खिशातून पान काढलं, माझ्यासमोर चुरगळून हुंगलं आणि उठून गेले. शहराचं नाव न निघता माझ्या खोलीत त्यांनी पान हुंगल्याची ती पहिलीच वेळ.

सोमवारी प्रार्थना झाली. रंजना माझं पत्र घेऊन पायरी चढली. वेणीची रिबीन घट्ट, कागद दोन्ही हातांनी धरलेला. पहिला शब्द तिच्या तोंडून निघायच्या आत घरत सर रांगेतून पुढे आले, तिच्या हातातून कागद काढून घेतला आणि घडी करून लिंबाच्या पानांच्या खिशात घातला.

"हिचं वाक्य मी तपासलंय," ते म्हणाले. "बरोबर हाय. चूक असंल तर ती माझी, आणि मी माफी मागत न्हाय. जा गो रंजना, रांगेत जा."

ती रांगेत गेली. दादासाहेबांना मोठी शिकार मिळाली, तेव्हा मुलीचा त्यांना विसर पडला. ती दहावी झाली. सरांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. त्यांच्याकडून इंग्रजी काढून घ्यायचं, सहल बंद करायची आणि गैरहजर शिक्षकांच्या तासांना त्यांनी वर्गात बसायचं, असा हुकूम निघाला. त्यावर सही माझी आहे. माझी सही नेहमी एकसारखी येते, ती त्या दिवशीही तशीच आली.

हस्तलिखितातलं काम मी दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही. पान फाडलं तर मागच्या बाजूची वाक्यं गेली असती, म्हणून भाताची खळ केली, वाक्याच्या मापाची पांढरी पट्टी कापली आणि रंजनाच्या ओळीवर, लाल खुणेसकट झाकेल अशी, चिकटवली. कडा इतक्या सरळ आल्या, की ती जागा मुळातच कोरी होती असं वाटावं. हात धुतले तरी खळीचा आंबूस वास दोन दिवस गेला नाही. मुंबईतल्या त्या काळ्या पाण्याची मला आली नसेल इतकी घाण माझ्या त्या व्यवस्थितपणाची आली. पण ती नंतर. चिकटवताना मी फक्त पट्टी वाकडी जाऊ नये एवढंच बघत होते.

ती दोन वर्षं सर बदलीच्या तासांना कुठल्याही वर्गात बसायचे, भूगोलाच्या, गणिताच्या. मी वऱ्हांड्यातून जाताना आतून आवाज यायचा, "खिडकीतनं बघा. शिपाई घंटा वाजवतोय. कशी वाजवतोय?" आणि चाळीस मुलं ओरडायची. माझी पावलं ऐकू आली की वर्ग गप्प व्हायचा. सर गप्प करत नसत, मुलंच व्हायची. इमारत काही झाली नाही, हेही सांगून टाकते.

ते निवृत्त झाले, मागोमाग मीही झाले. मध्ये बरीच वर्षं गेली. तुमच्याकडे पहिल्यांदा यायचं ठरलं, तेव्हा व्हिसाच्या कामासाठी मी मुंबईला निघाले होते. शनिवारची सकाळ, मांडव्याचा धक्का. पलीकडून मुंबईची कॅटामरान बोट येऊन लागली होती आणि सुट्टीची माणसं बर्फाच्या पेट्या, गिटारी आणि कुत्री घेऊन उतरत होती. धक्का संपायच्या आत चिप्सची दोन पाकिटं पाण्यात गेली. हल्ली घाण बघायला पलीकडे जावं लागत नाही, ती तिकीट काढून इकडे येते. मी रुमाल काढला, तेवढ्यात बाकावर घरत सर दिसले. खूप वाळले होते. शर्ट तोच, खांद्यांवर मोठा झालेला.

"सर, इथे कसे?"

"बसलोय. शनिवारी येतो. शब्द संपले काय ते बघतो." मी व्हिसाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मला वर-खाली पाहिलं. "नातवंडांकडे काय? लय लांब?" मग खिशातून लिंबाचं पान काढून माझ्यापुढे धरलं. "घ्या बाई. आता वय झालं, तुम्हाला पान आधी."

त्या माफीच्या पत्राबद्दल मला बोलायचं होतं. भोंगा झाला, माणसं ढकलायला लागली, आणि मी तशीच बोटीत चढले. आत काचेशी जागा मिळाली. बोट सुटली तेव्हा सर कठड्याशी आले होते. त्यांनी उजवा हात वर केला, निरोपाचा नाही. पंजा उताणा केला आणि मनगटातून एकदा फिरवला. वर्गात "कसं?" विचारताना करायचे तसा. धक्का लहान होईपर्यंत मी काचेतून बघत राहिले, या वेळी पाठ केली नाही. पुढच्या वर्षी सर गेले. मी तुमच्याकडे होते.

रंजनाचा आता रेवदंड्याच्या बंदरावर बर्फाचा धंदा आहे. शनिवार-रविवारी पाहुणे येऊन बाटल्या टाकायला लागले, की ती त्यांच्याशी इंग्रजीतून बोलते आणि ते बाटल्या उचलतात. कसं बोलते ते मी उभी राहून ऐकलं आहे. 'पेशंटली', सावकाश, धीर न सोडता.

इरा, तुझ्या बाईंनी दिलेले दहा गुण तुझेच. मला फक्त एक वाक्य पाठव, तू खिडकीपाशी उभी राहून पाहिलेलं. घाण असली तरी चालेल. या पाकिटात लिंबाचं एक पान घातलं आहे, पोचेपर्यंत वाळेल. ते वाक्य लिहून झाल्यावर घे.

निवृत्त होताना सोबत आणलेलं कपाटातलं ते हस्तलिखित मी मंगळवारी वाळवीच्या भीतीने बाहेर काढलं. इथल्या दमट हवेने खळ सुटली होती. पान उलटताना पट्टी माझ्या मांडीवर पडली. खालची ओळ रंजनाच्या अक्षरात आहे आणि तिच्या बाजूला सरांची लाल खूण आहे. दोन्ही नीट वाचता येतात.